करवंटीत बसवलेले स्पीकर

माझ्या थोरल्या भावाला उजव्या कानानं थोडंसं ऐकू यायचं. त्या थोड्याशा ऐकू येण्याच्या मागं मी दोन वर्षं लागलो होतो. कुणाला सांगायला गेलो की पहिला प्रश्न असतो, मग यंत्र चाललं का? यंत्र चाललं.

आमचं गाव जळकोटपासून दोन कोस आत, माळाला. वडील मी तीन वर्षांचा असताना गेले. थोरल्या भावाला मी दादा म्हणायचो. ते माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. सातवीत शाळा सोडून ते रोजगाराला लागले, म्हणून मला पुढं शाळेत जाता आलं. आई पुढं चार-पाच वर्षांनी गेली. तेव्हापासून घरात दादा, वैनी आणि मी.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. छप्पन्नला धम्म घेतल्यावर वस्तीनं हलगी वाजवणं सोडलं, आणि त्याच हातांनी पेटी-ढोलकी घेऊन गायन पार्टी उभी केली. त्या पार्टीत दादा गायचे. गाणी स्वतःच रचायचे. त्यांचा आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही. तो उंच होता, आणि वर टोकाला गेला तरी फाटत नसे. जयंतीला माइक मधेच बंद पडला तर लोक माइकवाल्याकडं बघतही नसत. शब्दन् शब्द पार विहिरीपर्यंत जायचा. गाताना डावा हात ते कानावर ठेवायचे. आजूबाजूच्या गावांतून बोलावणं यायचं. मुरुमला एकदा दोन पार्ट्यांचा सामना होता. समोरच्या पार्टीचा म्हातारा गायक कार्यक्रम संपल्यावर उठून आला, दादांच्या गळ्याला दोन बोटं लावून बघून गेला. त्या गोष्टीचं दादांना फार अप्रूप वाटायचं. दिवसभर दगड उचलून आले तरी त्यांच्या चालण्यात एक ताठा असे, तो त्या गळ्याचा होता.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं. सगळा गाव तिथंच होता. वैनी मातीच्या पाट्या वाहत होत्या. दादा अंगानं दणकट, म्हणून त्यांना सुरुंगाच्या टोळीत घेतलं होतं. पहारीनं खडकात भोक पाडायचं, दारू भरून वात पेटवायची, लांब पळायचं. एक दिवस चार सुरुंगांतले तीनच उडाले. टोळीवाले बराच वेळ थांबले. मग वात विझली असणार म्हणून दादा बघायला पुढं गेले. ते दहा-बारा पावलांवर असताना चौथा उडाला.

मी शाळेतून येऊन पोहोचलो तेव्हा दादा एका दगडावर बसून अंगावरची धूळ झटकत होते. दगडाची एक कपचीसुद्धा त्यांना लागली नव्हती. डाव्या कानातून रक्ताची बारीक रेघ गळ्यापर्यंत आली होती, तेवढंच. भोवती दोनशे माणसं गलका करत होती. बायका रडत होत्या. वैनी त्यांचा दंड धरून हलवत होत्या. दादा सगळ्यांच्या तोंडांकडं बघत म्हणाले, "कुनी बोलना का झालंय?"

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी कानात दिवा घालून बघितलं. डावा कान गेला, तो परत येणार नाही. उजव्याचा पडदा बरा आहे, पण आतली नस दुखावली आहे. आहे तेवढं जपा, वयाबरोबर आणखी कमी होईल. ऐकायचं मशीन कुठं मिळेल ते मी विचारलं, तर पुण्या-मुंबईकडं चौकशी करा म्हणाले. मी तेव्हा नववीत होतो. मुंबईत चौकशी कुणाकडं करायची, हे मला कळत नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या जयंतीला दादा नेहमीसारखे पार्टीत बसले. पहिलंच गाणं त्यांचं. धृपदापर्यंत ठीक गेलं. कडव्याला वर चढले आणि पेटीवाल्यानं मान वर करून बघितलं. पेटी एका पट्टीत, दादा दुसऱ्या. ढोलकीवाला लय ओढून त्यांच्यापर्यंत आणायला बघत होता. दादा डोळे मिटून, कानावर हात ठेवून गातच होते. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढं पुष्कळदा वाटलं. गाणं संपल्यावर पार्टीतल्या वडीलधाऱ्या माणसानं त्यांच्या उजव्या कानाला तोंड लावून सांगितलं, "आवाज बसलाय तुझा. जरा इसावा घे."

दादांनी ते खरं मानलं. दुसऱ्या वर्षीही हेच सांगितलं गेलं. तिसऱ्या वर्षी दादाच पुढं बसले नाहीत. त्यांनी मनाशी एक समजूत घालून घेतली होती, ती मला एकदा वखर हाकता हाकता सांगितली. "पेटी ऐकू येत न्हाय म्हनून जुळना. पेटीबिगर गायलं तर कायबी अडचन न्हाय. गळा हाय तसाच हाय माजा."

मी मान हलवली. वैनीही अशीच मान हलवायच्या. वस्तीतलं प्रत्येक माणूस मान हलवायचं.

दादा रानात एकटे गायला लागले. बांधावर गवत कापताना, बैलाला पाणी पाजताना, वाटेनं येताना. रोज. आवाजाची ताकद गेली नव्हती, सूर गेला होता. खालच्या अंगाला बरे असायचे, वर जाताच भरकटायचे आणि तिथंच, चुकीच्या ठिकाणी, जोर लावून थांबायचे. श आणि स आणि च एकमेकांत मिसळून गेले होते. ज्याला पहिला आवाज माहीत होता त्याला ते ऐकवत नसे. लोक वाट बदलायचे. पण दादांचा चेहरा गाताना पूर्वी व्हायचा तसाच व्हायचा. दहा वर्षं हे असं चाललं.

मधल्या काळात मी उस्मानाबादला आयटीआय केलं आणि एका सहकारी साखर कारखान्यात वायरमन म्हणून लागलो. आमच्या भागात सहकारी कारखाने तेव्हा नवे होते, गावोगावचे सभासद होते, आपला कारखाना म्हणून लोक बोलत. मी राहायला कारखान्यावर, सुट्टीला गावाकडं. हंगाम नसला की हातात वेळ असायचा. मी रेडिओ, टेप दुरुस्त करायचो. कुणी शिकवलं नव्हतं, उघडून बघून बघून आलं.

स्टोअरमधल्या एका कारकुनाचा मेव्हणा दुबईला होता. त्यानं एक छोटा टेप आणि कानाला लावायचे हेडफोन आणले होते. दुपारच्या सुट्टीत कारकुनानं ते माझ्या डोक्यावर चढवले. गाणं बाहेर कुठंच नव्हतं, डोक्याच्या मधोमध वाजत होतं. माझ्या मनात पहिल्यांदा दादाच आले.

पुढच्या रविवारी मी सोलापूरला गेलो आणि फुटपाथवर मिळतात तसले हेडफोन घेतले. पत्र्याची पातळ पट्टी, दोन्हीकडं प्लास्टिकच्या चकत्या, त्यांवर नारिंगी स्पंज. गावी जाऊन रेडिओला जोडले आणि दादांच्या उजव्या कानावर लावले. आवाज पूर्ण वाढवला.

"काय येतंय का?" मी तोंडासमोर जाऊन विचारलं.

"मुंगी चालल्यागत हाय कायतरी."

त्यांनी सवयीनं कानावर हात दाबला. लगेच त्यांच्या भुवया वर गेल्या. "आता मानूस बोलालंय," ते म्हणाले. हात काढला की माणूस जायचं, दाबला की यायचं.

मला तेवढं पुरलं. चकतीला मागून भोकं होती, स्पंज उघडा होता, सगळा आवाज बाहेर सांडत होता. आतला स्पीकर वाईट नव्हता, त्याचं घर वाईट होतं. त्याला कानावर घट्ट बसणारं, मागून बंद घर पाहिजे होतं.

सोलापूरहून परतताना मी तुळजापूरला गाडी बदलायचो. तिथं करवंट्यांना तोटा नव्हता. धम्म घेतल्यापासून आमच्या घरात नारळ फुटत नसे, म्हणून मला करवंटी हातात घ्यायचीही सवय नव्हती. एका लॉजच्या मागच्या ढिगातून मी सारख्या आकाराच्या सहा निवडल्या. तिथल्या बाईनं विचारलं, "कशाला नेताव?" मी म्हणालो, "कानाला." तिनं पुढं काही विचारलं नाही.

चकती उघडली. आतला स्पीकर रुपयाच्या नाण्याएवढा. पुढं कांद्याच्या पापुद्र्यासारखा पारदर्शक पडदा, मागं लोहचुंबकाची टिकली. त्यातून निघालेली तार केसाहून बारीक, आणि तिच्यावर लाखेचा थर, त्यामुळं जोडाला कथलाचा डाग धरत नाही. डाग द्यायच्या तापल्या सळईच्या, कावियाच्या टोकानं लाख जाळायची आणि त्याच क्षणी कथलाचा ठिपका द्यायचा. जरा जास्त वेळ टेकवलं की तारच जाते. पहिला स्पीकर मी असाच घालवला. एकच स्पीकर उरला तरी चाललं असतं, कारण दादांना कान एकच होता. पण माझं मन मानेना. मी परत सोलापूरला जाऊन दुसरे हेडफोन आणले.

करवंटी काचेनं खरवडून, पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केली. चपलेच्या रबराची गोल चकती कापली, तिच्या मधोमध स्पीकर बसवला आणि ती पंक्चरच्या सोल्यूशननं करवंटीच्या तोंडात चिकटवली. मागच्या पोकळीत थोडा कापूस भरला, कारण रिकाम्या करवंटीत आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमत होता. कानाला टोचू नये म्हणून वैनींनी जुन्या लुगड्याच्या काठाची गादी शिवून दिली. शिवताना त्यांनी विचारलं, "ह्यानं खरंच ऐकू येतंय का, भावजी?"

"येईल की."

"मंग काय काय ऐकू येईल?"

मी म्हणालो, सगळं. त्या सुई थांबवून क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आनंदानं बघतायत.

करवंट्या लावून दादांनी रेडिओवरच्या बातम्या ऐकल्या. सगळे शब्द कळत नव्हते, पण बाई बोलतेय की माणूस, हे कळत होतं. बाजारभाव लागले तेव्हा ज्वारी आणि तूर हे दोन शब्द त्यांनी माझ्याआधी ओळखून सांगितले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. दहा वर्षांनी त्यांच्या कानात कुणी परकं माणूस बोललं होतं. त्या दिवशी ते जेवताना जास्त बोलले.

मी तिथं थांबायला हवं होतं.

मी ठरवलं, दादांना त्यांचा स्वतःचा आवाज ऐकवायचा. स्वतःचा ऐकू आला की ते सूर सावरतील, सूर सावरला की पार्टीत बसतील. इतकं सरळ मला ते दिसत होतं. दादांना मी हे बोललोच नाही. त्यांना अचानक द्यायचं होतं.

एका मोडक्या टेपचा माइक काढला. एका रेडिओतला आवाज वाढवायचा भाग काढून साबणाच्या डबीत बसवला, चार सेल जोडले. डबी गळ्यात अडकवायची, माइक छातीशी, वायर कानाशी. लावून बघितलं तर नुसती शिट्टी. करवंटी वेडीवाकडी, कानाच्या मागं फट राहायची. तिथून आवाज बाहेर येऊन परत माइकमध्ये शिरायचा आणि गरागरा फिरून शिट्टी व्हायची. आवाज कमी केला की शिट्टी जायची, पण मग दादांना काहीच ऐकू येत नसे. गादी जाड केली, रबराची पट्टी आवळली. दादांच्या कानशिलाला वळ उठले. शिट्टी गेली नाही.

कारखान्याच्या टर्बाइन हाउसमध्ये खिळ्याला कानावर लावायची जाड झाकणं टांगलेली असत. मशीनच्या आवाजापासून कान वाचावेत म्हणून दिलेली. गरम होतं म्हणून कुणी लावत नसे. त्यांतल्या एकाची पट्टी मोडली होती आणि ते भंगारात निघालं होतं. मी साहेबांना विचारून घेतलं. टणक प्लास्टिकच्या दोन वाट्या, आत स्पंज, कडेला मऊ फुगीर कातडं, कानाला चिकटून बसणारं. करवंटीतले स्पीकर मी ब्लेडनं रबर कापत सावकाश सोडवले. या खेपेला तार तुटली नाही. वाटीतला निम्मा स्पंज काढून तिथं स्पीकर बसवले, वायरीच्या भोकात मेण भरलं, पट्टीला छत्रीच्या दोन काड्या बांधल्या. कानाला लावून डबीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. शिट्टी आली नाही. माझा श्वाससुद्धा मला मोठा ऐकू येत होता. कारखान्याच्या खोलीत बसून मी एकटाच हसलो.

उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळी नऊ-दहाचा सुमार. वैनी दारात ज्वारी पाखडत होत्या. दादा बाजेवर बसले होते. मी त्यांच्या डोक्यावर वाट्या चढवल्या, डबी गळ्यात घातली, आणि आवाज न चढवता, नेहमीच्या बोलण्यात म्हणालो, "दादा, ऐकू येतंय का?"

ते दचकले. माझ्या तोंडाकडं न बघता त्यांना कळलं होतं. "येतंय," ते म्हणाले, आणि स्वतःचं ते 'येतंय' ऐकून पुन्हा दचकले.

"एक गानं म्हना की. तुमच्या मनाचं."

वैनींचं सूप थांबलं. दादांनी डोळे मिटले. डावा हात कानाकडं नेला, तो प्लास्टिकच्या वाटीवर टेकला. त्यांनी त्यांचंच एक जुनं गाणं सुरू केलं. पहिली ओळ म्हटली. दुसरीला वर गेले आणि मधेच थांबले. डोळे उघडले. डबीकडं बघितलं, बटण कमी केलं, पुन्हा वाढवलं. पुन्हा तीच ओळ, या वेळी सावकाश. पुन्हा थांबले. मग नुसता 'आऽ' असा आकार लावला आणि तो ऐकत राहिले, पाण्यात दगड टाकून खोली बघावी तसा. आकार थरथरत कुठल्या कुठं गेला. त्यांनी तो ओढून आणायचा प्रयत्न केला. आला नाही.

त्यांनी वाट्या काढून मांडीवर ठेवल्या.

"ह्यो कुनाचा आवाज हाय?"

मी बोटानं त्यांच्याकडं दाखवलं.

ते वैनींकडं वळले. मग त्यांना विचारलं, "कवापस्नं?"

वैनी सुपातल्या ज्वारीकडं बघत होत्या. मीही कुठंतरी बघत होतो. ते उत्तर त्यांना कान नसतानाही पोहोचलं.

मी धावत आत जाऊन माझ्या पिशवीतल्या कारखान्याच्या कागदी स्लिपा आणल्या, पाठीमागं मोठ्या अक्षरात लिहिलं. यंत्र स्वस्तातलं आहे. स्पीकर लहान आहे. आवाज बिघडवतो. तुमचा आवाज असा नाही. दादांनी ते वाचलं. शाळेत सातवीपर्यंतच गेले होते, पण डोकं माझ्याहून चांगलं होतं.

"बातम्यावाल्या बाईचा आवाज तर चांगला येतुय की ह्यातनं," ते म्हणाले.

ते उठले आणि रानात गेले. त्या दिवशी रानातून गाण्याचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर कधीच नाही.

मी पुढच्या सुट्टीला गेलो तेव्हा वैनी मला भाकरी वाढून समोर बसल्या. एरवी त्या अशा बसत नसत. म्हणाल्या, "भावजी, एक बोलू का? धा वर्सं आमी काय ऐकत न्हवतो व्हय? मलाबी कान हायेत. पर ह्येनी खुशीत हुते. म्या रोज देवाला न्हाय, पर मनातल्या मनात म्हनायची, ह्येंला कळू नये. तेवढंच मागनं हुतं माजं."

"वैनी, तुमी मला तवाच का न्हाय सांगितलं?"

"तुमी लई खुशीत हुता," त्या म्हणाल्या.

मला गप्प बसवेना. माझ्यातला वायरमन अजून हरला नव्हता. आवाज मऊ यावा म्हणून मी वाट्यांत कापसाचा थर वाढवला, माइक बदलला, मागं थोडा घुमारा राहील अशी पोकळी ठेवली. कुठल्याही माणसाचा आवाज जरा बरा वाटावा असं खोटं बोलणारं यंत्र मला करायचं होतं. महिनाभर खटपट करून ते जमलं. मी स्वतः त्यात गाऊन बघितलं, आणि मला गाता येत नाही तरी बरं वाटलं. गावी नेऊन दादांच्या पुढं ठेवलं.

"ठिव तितं," ते म्हणाले. हातही लावला नाही.

माइक काढून टाकल्यावर मात्र ते त्या वाट्या रेडिओला जोडून बातम्या ऐकायचे. मी त्याला विजय मानला. वर्षभर ऐकल्या असतील. हळूहळू त्यांना जास्त आवाज लागायला लागला. मी डबीत बदल करून वाढवून दिला. मग तेवढाही पुरेना. एक दिवस त्यांनी वाट्या काढून हातात उलटसुलट करून बघितल्या, सेल संपले असतील म्हणाले. सेल नवे होते.

मी त्यांना सोलापूरला नेलं. डॉक्टर दुसरे होते. उजवा कानही संपला होता. मी त्यांना सगळं सांगितलं, वाट्या दाखवल्या. त्यांनी त्या कानाला लावून बटण फिरवलं आणि चटकन काढल्या. "एवढा मोठा आवाज रोज दिला होता?" त्यांनी विचारलं.

मी विचारलं, "ह्याच्यामुळं गेला का?"

ते म्हणाले, नस आधीच खराब होती, जायचाच होता. ह्यानं लवकर गेला असेल, नसेलही. सांगता येत नाही.

दादा आमच्या दोघांच्या ओठांकडं आळीपाळीनं बघत होते. गाडीत त्यांनी मला विचारलं, काय म्हणाले डॉक्टर. मी स्लिपेवर लिहिलं, वयानं झालं. ते तेव्हा चाळिशीही ओलांडलेले नव्हते. त्यांनी स्लिप वाचून घडी घातली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पुढं पुन्हा दोन वर्षं पाऊस नीट पडला नाही. ऊस जळाला. कारखान्याचा हंगाम महिन्याभरात आटोपला, मग एक वर्ष पेटलाच नाही. आम्हाला घरी बसवलं. मला लांब, नगरकडच्या एका कारखान्यात काम मिळालं. निघताना दादा मला जळकोटच्या स्टँडपर्यंत सोडायला आले. माझी पत्र्याची पेटी त्यांनीच डोक्यावर घेतली होती. गाडीला उशीर होता. चहा घेतला. मी खिशातून स्लिप काढली. माझी पेन्सिल कागदावर टेकलेली बघून तेच बोलले.

"तुजं काय चुकलं न्हाय. तू चांगल्यासाटीच केलंस. पर म्या मागितलं न्हवतं रे."

मी मान हलवली. आयुष्यात त्यांच्यापुढं मी एवढी एकच गोष्ट नीट करायला शिकलो होतो. गाडी आली. मी चढलो.

त्यानंतर दादा चौदा वर्षं जगले. आमच्यात कधी भांडण झालं नाही. मी यायचो, ते माझ्या मुलांना मांडीवर घ्यायचे, शेतातला हरभरा बांधून द्यायचे. पण त्यांचं बोलणं उतरत गेलं. बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात, असं लोक म्हणतात. दादा उलटे झाले. स्वतःचा आवाज एकदा ऐकल्यापासून त्यांना त्याची धास्ती बसली होती. शब्द तोंडातल्या तोंडात यायला लागले. शेजारी बसलेल्यालाही वाकून ऐकावं लागे. लोक खुणा करायचे, मोठ्यानं बोला. ते मान हलवायचे आणि आणखी हळू बोलायचे. शेवटी शेवटी नुसते ओठ हलत. वैनींना ते ओठ वाचता यायला लागले होते. घरात दोघंही आवाजाशिवाय राहत होती.

शेवटच्या दुखण्यात मी चार दिवस आधी जाऊन आलो होतो, बरे वाटत होते. ते भर दुपारी गेले. वैनी मागल्या दारी भांडी घासत होत्या. आत आल्या तेव्हा दादा कुशीवर वळून तांब्याकडं हात करून पडले होते, आणि तांब्या हाताला लागला नव्हता.

मला त्यांनी पुन्हा पुन्हा एवढंच सांगितलं, "हाक मारली आसंल हो त्येनी. मारलीच आसंल. मला ऐकू आली न्हाय."